नाही म्हणण्याआधी

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

परवा रात्री तू तिकडे बसून माझ्या संगणकाचा ताबा घेतलास आणि दहा मिनिटांत नोंदींची ती सगळी फाइल दुरुस्त करून दिलीस. मी इथे हात मांडीवर ठेवून पडद्यावरचा बाण पळताना बघत होते. फोन ठेवताना म्हणालास, "आई, निवृत्तीला थोडीच वर्षं राहिलीत, आता हे नवीन शिकायचा त्रास कशाला? अडलं की मला सांगत जा, मी करून देईन." मायेने म्हणालास, कळतंय मला. पण मला ते नको आहे. का नको, ते फोनवर नीट सांगता आलं नाही म्हणून लिहायला बसले.

हे प्रकरण सुरू कुठून झालं ते तुला माहीत नाही. गेल्या महिन्यात आमच्या ग्रंथालयात एक आजोबा आले. त्यांना प्रवासावरचं एक पुस्तक हवं होतं. लेखक आठवत नव्हता, शीर्षकात 'दऱ्या' हा शब्द आहे एवढं पक्कं होतं. मी शोधचौकटीत शब्द टाकला. एकही नोंद सापडली नाही, असं उत्तर आलं. मी म्हणाले, "आपल्याकडे नाही हो ते." त्यांनी मान हलवली आणि गेले. दोन दिवसांनी परत आलेली पुस्तकं जागेवर लावत होते, तर ९१०च्या, म्हणजे प्रवासवर्णनांच्या, रॅकवर तेच पुस्तक हाताला लागलं. दाखलांक, वर्गांकाची चिठ्ठी, बारकोड, सगळं जिथल्या तिथे. पुस्तक होतं आणि मी नाही म्हणाले होते.

दुसऱ्या दिवशी दार उघडायच्या तासभर आधी जाऊन बसले. त्या पुस्तकाची नोंद काढली. २४५ या टॅगमध्ये, म्हणजे शीर्षकाच्या जागी, शब्द अगदी बरोबर होता. तोच शब्द मी शेजारी नव्याने टंकला. दोन्ही सारखेच दिसत होते. चष्मा पुसून पाहिला, अक्षरं मोठी करून पाहिली, काही फरक नाही. मग खोडायला लागले, तेव्हा लक्षात आलं. माझा शब्द बॅकस्पेस पाच वेळा दाबल्यावर गेला. नोंदीतला जायला सहा वेळा दाबावी लागली. परत टंकून परत मोजलं. पाच आणि सहा.

चार संध्याकाळी वाचल्यावर उलगडा झाला. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला क्रमांक असतो. साध्या 'र'चा ०९३० आणि खाली टिंब असलेल्या 'ऱ'चा त्याच्या पुढचा, ०९३१. आपला 'ऱ्या' दोन वाटांनी काढता येतो. एक तर 'ऱ'ला हलन्त लावून पुढे 'या' लिहायचं. नाही तर साधा 'र', हलन्त, मग एक न दिसणारं जोडचिन्ह आणि पुढे 'या'. डोळ्याला आकार एकच दिसतो, पण यंत्र आकार बघत नाही, क्रमांक बघतं. वर्षांपूर्वी ज्याने ती नोंद केली त्याचा कळफलक एका वाटेचा होता, माझा दुसऱ्या. चूक कुणाचीच नाही, आणि तरी वाचक रिकाम्या हाताने गेला. जुन्या फाँटांत टंकलेल्या नोंदी निदान ओळखू तरी येतात, मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो. ही नोंद दिसायला निर्दोष होती. तेव्हापासून माझ्या मनात एकच येतं, 'शेतकऱ्यांवरची' किती पुस्तकं अशी समोर असून लपलेली असतील?

म्हणून मी ती फाइल तुला दाखवली. तू ते न दिसणारं चिन्ह सगळीकडून एकदम काढून टाकलंस आणि म्हणालास, झालं. सकाळी मी यादी ओळीने वाचत गेले. बाळा, 'दऱ्या'चा 'दर्या' झाला होता. डोंगरांमधल्या दऱ्या होत्या, त्यांचा समुद्र झाला. चिन्ह गेलं, पण साध्या 'र'च्या जागी 'ऱ' यायला हवा होता, तो आला नाही. पुढे स्वयंपाक विभागात 'आचाऱ्यांसाठी' असलेलं पुस्तक 'आचार्यांसाठी' होऊन बसलं होतं. मूळ फाइलची प्रत मी आधीच वेगळी ठेवली होती, त्यामुळे नुकसान काही झालं नाही. मी रागावले नाही, आणि तूही मनाला लावून घेऊ नकोस. तू यंत्र जाणतोस, आणि मी त्या शीर्षकांपैकी बहुतेक पुस्तकं हाताळली आहेत. ही दोन्ही माहिती एकाच डोक्यात असल्याशिवाय हे काम पुरं होत नाही, आणि ते डोकं रोज त्या काउंटरमागे बसणाऱ्या माणसाचं हवं.

मी नोकरीला लागले तेव्हाच्या आमच्या ग्रंथपाल बाईंची एक सक्त ताकीद होती, तीन ठिकाणी बघितल्याशिवाय वाचकाला नाही म्हणायचं नाही. तेव्हा पुस्तकांच्या नोंदी कार्डांवर असायच्या. लेखकाखाली बघ, शीर्षकाखाली बघ, विषयाखाली बघ. तिन्हीकडे नसेल तर आजूबाजूची दहा-वीस कार्डं चाळ, कारण एखादं कार्ड चुकून पुढे-मागे लागलेलं असतं. लाकडी खण, भोकातून आरपार गेलेली दांडी, कोपरे मऊ झालेली कार्डं, यातून बोटांना सवय लागायची. कार्ड चुकीच्या जागी गेलं की पुस्तक हरवल्यातच जमा, हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. आता कार्डांचं युग सरलं. ग्रंथालयांना अशी कार्डं छापून देणाऱ्या ओसीएलसी या अमेरिकन संस्थेने तर ऑक्टोबर २०१५मध्ये शेवटची कार्डं छापली आणि ते काम कायमचं बंद केलं. मला त्याचं दुःख नाही. पण शोधचौकट आली आणि आम्ही सगळ्यांनी तिचं पहिलं उत्तर खरं मानायला सुरुवात केली, याचं आहे. तीन ठिकाणी बघायची शिस्त आम्ही कार्डांबरोबर मोडीत काढली.

संगणकीकरणाच्या प्रशिक्षणात आम्हाला कळा शिकवल्या. इथे दाबा, मग तिथे दाबा, पायऱ्यांचा एक कागद हातात. प्रणालीची नवी आवृत्ती आली, पडद्यावरच्या जागा बदलल्या आणि तो कागद निरुपयोगी झाला. तेव्हा मी मनाशी ठरवलं की पायऱ्या पाठ करायच्या नाहीत, आत काय घडतं ते समजून घ्यायचं. आम्ही वापरतो त्या 'कोहा' या ग्रंथालय प्रणालीची गोष्ट वाचल्यावर धीर आला. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ या भागातल्या ग्रंथालयांची जुनी प्रणाली २००० साल उजाडल्यावर चालणार नव्हती. त्यांनी आपल्या गरजेप्रमाणे नवी लिहून घेतली, जानेवारी २०००मध्ये ती सुरू केली आणि जगाला मोफत देऊन टाकली. माओरी भाषेत 'कोहा' म्हणजे भेट. काय हवं ते त्या ग्रंथपालांना नेमकं सांगता आलं, म्हणून ते घडलं. आपल्याला काय हवं ते सांगण्यापुरतं तरी यंत्राचं आतलं मला कळलंच पाहिजे.

बाकी बरंच जमायला लागलंय. नियतकालिकांच्या नव्या अंकांची अनुक्रमणिका पूर्वी आम्ही झेरॉक्स काढून फलकावर लावायचो, आता ती फीडमधून, म्हणजे नवं काही आलं की कळवणाऱ्या सोयीतून, आपोआप येते आणि मी विषयवार पुढे पाठवते. बंद पडलेल्या दुव्यांची जुनी प्रत वेबॅक मशीन या जुनी वेबपानं साठवणाऱ्या संकेतस्थळावर शोधायला शिकले, आणि महत्त्वाचं पान दिसलं की ते तिथे जतनही करून ठेवते.

एक गोष्ट मात्र सविस्तर सांगायलाच हवी, कारण यात आमची खरी परीक्षा आहे. आता उलटं दुखणं आलंय. पूर्वी यंत्र असलेल्याला नाही म्हणायचं, आता नसलेल्याला आहे म्हणतं. एक विद्यार्थिनी संदर्भांची यादी घेऊन आली. लेखाचं नाव, लेखक, खंड, अंक, पृष्ठं, डीओआय (म्हणजे लेखापर्यंत नेणारा त्याचा ओळखक्रमांक), सगळं व्यवस्थित मांडलेलं. यादी तिला चॅटबॉटने करून दिली होती. मी एकेक तपासत गेले. एक डीओआय कुठेच पोचत नव्हता. दुसरा पोचला तो भलत्याच विषयावरच्या लेखापाशी. तिसऱ्याचं नियतकालिक खरं, खंडही खरा, पण त्या अंकाची अनुक्रमणिका उघडली तर त्या पृष्ठांवर वेगळाच लेख. एका पुस्तकाचा आयएसबीएन, म्हणजे त्याचा तेरा आकडी ओळखक्रमांक, मी कागदावर पडताळला: पहिल्या बारा आकड्यांना आळीपाळीने १ आणि ३ने गुणायचं, बेरीज करायची, ती पुढच्या दहाच्या पटीपर्यंत नेणारा आकडा तेराव्या जागी यायला हवा. आला नाही. (आला असता तरी पुस्तक आहे असं सिद्ध होत नाही, तेही मी तिला सांगितलं.) पोरगी रडवेली झाली, तीन आठवडे ती ते लेख शोधत होती. मी तिला शेजारी बसवून दुसरी यादी केली. लहान झाली, पण तिच्यातला प्रत्येक लेख आम्ही दोघींनी उघडून पाहिला.

ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांतलं चौथं म्हणजे वाचकाचा वेळ वाचवा. परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. त्या मुलीचे तीन आठवडे बघितल्यावर ते मला खऱ्या अर्थाने समजलं.

तर आता तुझ्याकडे मागणं आहे. रविवारी फोन करशील तेव्हा माझ्या पडद्याचा ताबा घेऊ नकोस. 'र', हलन्त आणि ते जोडचिन्ह असा तिघांचा गट ओळखून त्याच्या जागी 'ऱ' आणि हलन्त कसा आणायचा, ते मला सांग. कळफलकावर हात माझेच असतील. आधी वीस नोंदींवर करू, मी त्या वाचेन, मग पुढच्या. आणि दोन्ही वाटांनी टंकलेला शब्द शोधात एकच धरला जावा यासाठी प्रणालीत काय बदलावं लागतं, तेही बघून ठेव. नाही तर उद्या नव्या नोंदींत हेच होईल.

आजोबा अजून आलेले नाहीत. पुस्तक मी काउंटरच्या खणात त्यांच्या नावाची चिठ्ठी लावून ठेवलंय. वाचक नोंदणीत त्यांचा जुना पत्ता मिळाला, त्यावर आज सकाळी पोस्टकार्ड टाकलं.

तुझी,
आई