पासिंग झालेली हायब्रीड आणि पुसलेले एरर कोड: तक्रार व मागणी

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग
(वापरलेल्या गाड्यांची विक्री)

विषय: आपल्याकडून घेतलेली प्लग-इन हायब्रीड गाडी तपासणीत नापास झाल्याबाबत

महोदय,

आपल्याकडून घेतलेली प्लग-इन हायब्रीड (पेट्रोल इंजिन आणि प्लग लावून चार्ज होणारी बॅटरी, दोन्हींवर चालणारी) गाडी यंदाच्या तपासणीत नापास झाली. कारणे दोन. मागच्या डाव्या आणि उजव्या चाकाच्या ब्रेकच्या जोरात मोठा फरक, आणि डॅशबोर्डवर पेटलेला चेक इंजिनचा दिवा. आपल्या शाखेत फोन केला की ‘मॅडम, आम्ही दिली तेव्हा गाडी पासिंग झालेली होती, कागद तुमच्याकडेच आहे’ एवढेच उत्तर मिळते, तेही दर वेळी वेगळ्या माणसाकडून. म्हणून आता लेखी.

तो कागद माझ्याकडे आहे, आणि तक्रार त्याच कागदाबद्दल आहे.

तपासणी केंद्राला मी दोष देत नाही. त्या दिवशी गाडी रस्त्यावर सोडण्याइतकी सुरक्षित आहे का, एवढेच तिथे पाहतात: ब्रेक, स्टिअरिंग, दिवे, टायरची झीज, सस्पेन्शनमधला सैलपणा, धूर. फार तर हाय-व्होल्टेजच्या नारिंगी केबल कुठे सोललेल्या नाहीत ना, यावर नजर टाकतील. मोठ्या बॅटरीत किती दम उरला आहे हे मोजणे त्यांच्या कामात येतच नाही. तुम्ही मात्र ‘बॅटरीसकट सगळे तपासलेले’ असे सांगून गाडी विकलीत आणि पुरावा म्हणून हेच प्रमाणपत्र पुढे केलेत.

आधी ब्रेक. ‘हायब्रीडचे ब्रेक कमी झिजतात’ हे तुमच्या विक्री प्रतिनिधीचे वाक्य अर्धेच खरे आहे. पाय ॲक्सिलरेटरवरून काढला किंवा ब्रेक हलका दाबला की मोटरच गाडीचा वेग कमी करते आणि बॅटरी चार्ज होते. ब्रेकचे पॅड चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कला नीट लागतच नाहीत. ओलाव्यात उभी राहिलेली साधी गाडी पहिल्या दोन-चार ब्रेकमध्ये डिस्कवरचा गंज घासून टाकते; या गाडीत तो तसाच राहतो आणि मागच्या चाकांवर जास्त साठतो. मेकॅनिकने माझ्यासमोर मागचे चाक काढले. डिस्कची बाहेरची बाजू बऱ्यापैकी चकचकीत होती. आतल्या बाजूला कडेने बोटभर रुंद गंजाचा पट्टा, त्यावर नख अडकेल इतकी खाच. कॅलिपरची (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाची) पिन जाम, त्यामुळे आतला पॅड जवळजवळ जिथल्या तिथे बसलेला. हे एका मोसमात होत नाही. ब्रेक ऑइल तर काळे पडले होते. ते हवेतला ओलावा शोषते आणि साधारण दोन वर्षांनी बदलावे लागते, गाडी कितीही कमी चाललेली असली तरी.

मग आधीच्या वेळी गाडी पास कशी झाली? तपासणीला जाण्याआधी मोकळ्या रस्त्यावर काही वेळा करकचून ब्रेक मारले की डिस्कचा वरचा थर साफ होतो आणि केंद्रातल्या ब्रेक मोजणाऱ्या रोलरवर आकडे जेमतेम हद्दीत येतात. तेवढे करायला माझी हरकत नाही, पण त्याला दुरुस्ती म्हणता येणार नाही.

आता दिव्याचे, आणि हा मुद्दा नीट वाचावा. बिघाड दिसला की गाडीचा संगणक त्याचा एरर कोड नोंदवतो आणि चेक इंजिनचा दिवा पेटतो; कोड पुसला की दिवा विझतो. स्कॅनर लावल्यावर गाडीच्या संगणकात ‘एरर कोड पुसल्यानंतर धावलेले अंतर’ अशी एक नोंद दिसते. ओडोमीटरवरून ते अंतर वजा केले, तर येणारा आकडा प्रमाणपत्रावर छापलेल्या किलोमीटरपेक्षा फक्त 12 ने कमी आहे. म्हणजे केंद्रावर जायच्या अगदी आधी कोणीतरी कोड पुसले. तुम्ही म्हणाल, बारा व्होल्टची छोटी बॅटरी बदलली असेल. काही गाड्यांत तिची तार सोडली तरी ही नोंद शून्यावर येते. तसे असेल तर त्या बॅटरीचे बिल दाखवा. मला दिलेल्या सर्व्हिसच्या कागदांत ते नाही.

पुसल्यावर पुन्हा आलेला कोड पेट्रोलच्या टाकीतल्या वाफेच्या गळतीचा आहे. या गाडीची टाकी बंद आणि दाबाखाली असते, कारण इंजिन अनेक दिवस सुरूच झाले नाही तर वाफ जाळायला कोणी नसते. (झाकणाचे बटण दाबल्यावर दाब उतरेपर्यंत पंपावर ताटकळावे लागते, ते यामुळेच.) गळती आहे की नाही याची गाडी स्वतःच चाचणी घेते, पण ठरावीक परिस्थिती जुळली तरच. बहुतेक वेळ विजेवर चालणाऱ्या गाडीत ती जुळायला वेळ लागतो. म्हणून कोड पुसला की दिवा बराच काळ गप्प राहतो, आणि तुमची परतीची मुदत संपून गेल्यावर पेटतो.

बॅटरीचे थोडक्यात सांगते. नवी असताना कागदावर 50 किलोमीटर असलेली विजेची रेंज आज सौम्य हवेत, एसी बंद ठेवून, तिशीच्या आत आटोपते. कागदावरची रेंज प्रत्यक्षात मिळत नाही हे मला ठाऊक आहे, त्यासाठी मी पत्र लिहिले नसते. पण पूर्ण रिकामी बॅटरी पूर्ण भरायला भिंतीवरच्या मीटरमधून जितकी वीज जायला हवी, तितकी जातच नाही. संयुक्त राष्ट्रांच्या 2022 च्या जागतिक तांत्रिक नियमात प्लग-इन हायब्रीडच्या बॅटरीसाठीही किमान मर्यादा आहे: 5 वर्षे किंवा 1,00,000 किलोमीटरपर्यंत मूळ क्षमतेच्या 80 टक्के, आणि 8 वर्षे किंवा 1,60,000 किलोमीटरपर्यंत 70 टक्के. माझी गाडी त्याआधीची आहे, तेव्हा तो नियम मी तुमच्यावर लादत नाही. मात्र बॅटरीचे आरोग्य टक्क्यांत सांगता येते, हे त्यावरून उघड आहे. तुम्ही ते ‘उत्तम’ या एका शब्दात उरकले.

मागच्या दोन्ही डिस्क, पॅड आणि कॅलिपरचा खर्च, तसेच टाकीच्या गळतीची दुरुस्ती व फेरतपासणीचे शुल्क तुम्ही द्यावे. बॅटरीची उरलेली क्षमता गाडीच्या उत्पादकाच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये, माझ्या उपस्थितीत मोजून घ्यावी. ती उत्पादकाच्या वॉरंटीतल्या मर्यादेखाली निघाली आणि वॉरंटी शिल्लक नसेल, तर गाडी परत घेऊन पूर्ण रक्कम द्यावी. विक्रीपूर्वी तुमच्या वर्कशॉपने काढलेला स्कॅनरचा मूळ रिपोर्टही मला हवा आहे. तो काढलाच नसेल, तर तसे लिहून द्यावे.

या पत्राचे लेखी उत्तर 15 दिवसांत मिळावे, फोनवर नको. उत्तर न आल्यास सर्व कागद घेऊन ग्राहक आयोगाकडे जाईन. काढलेले ब्रेकचे भाग आणि स्कॅनरच्या प्रिंट वर्कशॉपमध्ये जपून ठेवायला सांगितल्या आहेत. तुमचा माणूस कधीही येऊन पाहू शकतो.

आपली,
गाडीची सध्याची मालक

सोबत: खरेदीची पावती, दोन्ही तपासण्यांचे कागद, मेकॅनिकचा लेखी अभिप्राय व डिस्कचे फोटो