ग्रीनची हरवलेली कड शोधून देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानले की तुम्ही 'बरं, बरं' करून पावसाची चौकशी सुरू करता. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय.

तुमची उमर अमेरिकेतल्या जुन्या गोल्फ मैदानांवर गेली. माझी नोकरी इथं गोव्यात, काणकोणात, एका लहानशा मैदानावर. आमचे ग्रीन, म्हणजे भोकाभोवतीचे बारीक कापलेल्या गवताचे तुकडे, आक्रसत चाललेत हे रोज त्यावरून चालणाऱ्या कुणालाच दिसलं नव्हतं. त्याचं कारण तुम्ही सांगितलंत. कड ओरबाडली जाऊ नये म्हणून मशीनवाला दर फेरीला बोटभर आतून वळतो. तेवढं गवत वाढतं आणि पुढच्या वेळी तीच कड ठरते. वर्षानुवर्षं असं झालं की कोपरे जातात, ग्रीन भाकरीसारखा गोल होतो. बंकरचंही, म्हणजे मैदानावरच्या वाळूच्या खड्ड्याचंही, तसंच, फटक्यासरशी उडालेली वाळू काठावर साचून काठ चढत जातो.

मग तुम्ही सळई खुपसायला लावलीत. जुन्या ग्रीनच्या वाळूत ती सरसर उतरते, तांबड्या मातीत अडते. जिथं अडली तिथं पोरांनी चुन्याची फकी टाकली. रेघ पुरी झाली तेव्हा डावीकडचा अख्खा एक कोपरा गवताखालून बाहेर आला. तिथं आता पुन्हा झेंडा लागतो.

ओकमाँटची गोष्ट मात्र पचायला वेळ लागला. पिट्सबर्गजवळचा हा खासगी क्लब हेन्री फाउन्स यांनी १९०३ मध्ये उघड्या माळावर बसवला. पुढच्या पिढीनं शोभेसाठी झाडं लावली, ती दाटली, आणि १९९०च्या दशकात ती तोडायला सुरुवात झाली. सभासद भांडतील म्हणून पहाटेच्या काळोखात! हजारो झाडं गेली, २००७ची यूएस ओपन गोल्फ स्पर्धा मोकळ्या मैदानावर झाली. २०२३ मध्ये मैदानांचे रचनाकार गिल हान्स यांनी जुने फोटो समोर ठेवून ग्रीन आणि बंकरही पूर्ववत केले. मोलेच्या जंगलातल्या झाडांसाठी आपली माणसं रस्त्यावर उतरली, त्यामुळे झाड तोडणं हीसुद्धा दुरुस्ती असू शकते हे माझ्या मनाला अजून पूर्ण पटलेलं नाही. रागावू नका.

नॉर्थ कॅरोलिनातलं पाइनहर्स्ट नंबर दोन मात्र लगेच पटलं. डोनाल्ड रॉस यांनी आखलेलं १९०७चं मैदान. कूर आणि क्रेनशॉ या रचनाकार जोडीनं २०१०-११ मध्ये ते पूर्वपदावर आणताना १९४३ साली विमानातून काढलेले फोटो पाहिले, जुन्या पाण्याच्या नळावरून फेअरवेची, म्हणजे ग्रीनकडे जाणाऱ्या कापलेल्या पट्ट्याची, मधली रेघ पकडली. पाणी पिणारं गवत कितीतरी एकरांवरून उपटलं. फवारे सुमारे ११५० होते, ४५० उरले. तेरेखोलच्या गोल्फ मैदानाविरुद्धच्या आंदोलनापासून गोल्फ म्हटलं की गोंयकार आधी पाण्याचा हिशेब मागतो, आणि तो मागणं बरोबरच आहे. हे आकडे मी साहेबांपुढे ठेवले. आता कडेच्या पट्ट्यांना फक्त पावसाचं पाणी मिळतं. मे महिन्यात त्या पिवळ्या पडतात, पाहुणे कुरकुरतात. कुरकुरू देत.

काका, यातलं काही तुम्हाला सांगायची गरज नव्हती. रात्रपाळी करून आल्यावरही माझे धुरकट फोटो मोठे करून पाहायचात, 'बाय, सावली कुठं पडलीय ते बघ' म्हणायचात. त्याबद्दल मनापासून आभार.

चवथीला गावी याल तेव्हा एक सकाळ आमच्यासाठी राखून ठेवा. मागच्या बंकरचा काठ किती उतरवायचा यावर माझं आणि मुकादमाचं एकमत होत नाहीये.

तुमची,
काणकोणची बाय