त्याच्याजवळ कोण बसलंय?

टिळकवाडी, बेळगाव
रविवार सकाळ

प्रिय गड्या,

सप्रेम नमस्कार.

परवा निपाणी स्टँडवरून तू बोलत होतास आणि तेवढ्यात तुझी गाडी लागली. "पोरीला पाठवू की नको, तूच सांग," एवढं नीट ऐकू आलं, पुढं नुसता कंडक्टरचा आवाज. फोनवर एका शब्दात सांगण्याजोगं नाही ते, म्हणून वही घेऊन बसलोय.

पाठव. हे आधी सांगून टाकतो. सहा महिने जर्मनीत राहून आली तर पोरगी उजळून येईल. फक्त तिच्या कॉलेजात जाऊन एक गोष्ट विचार : रात्री तीनला तिचा फोन आला तर उचलणार कोण? खात्याचं नाव सांगतील. ते नको, माणसाचं नाव घे, आणि तो माणूस सुट्टीवर गेला तर त्याच्या जागी कोण, तेही.

हे मी शिकलो ते माझ्याच चुकीतून. आमच्या कॉलेजच्या परदेश विभागात मी नवा होतो. त्या वर्षी पाच मुलं बाहेर होती, आणि आणीबाणीचा नंबर म्हणून माझाच मोबाइल सगळ्यांना दिलेला. अनंत चतुर्दशीची रात्र. आपल्या बेळगावची मिरवणूक तुला माहीत आहे, दुसरा दिवस उजाडला तरी कपिलेश्वर तलावावर गणपती यायचे थांबत नाहीत. मी मंडळाबरोबर ढोलाच्या पुढ्यात, फोन खिशात. दहाच्या सुमारास पाणी प्यायला बाजूला झालो आणि बघतो तर सात मिस्ड कॉल, सगळे एकाच मुलाचे. जांबोटीच्या पलीकडच्या एका खेड्यातलं पोरगं, जर्मनीत शिकायला गेलेलं.

एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून, एका कानात बोट घालून मी फोन लावला. तिथं तेव्हा संध्याकाळचे साडेसहा. ट्रामच्या रुळात सायकलचं चाक अडकून तो पडला होता, खांद्याजवळचं हाड मोडलेलं. रस्त्यावरच्या कुणी तरी ११२ ला फोन करून त्याला दवाखान्यात पोचवलं होतं. तिथं विम्याचा पॉलिसी नंबर मागत होते. तो नंबर माझ्या ऑफिसातल्या कपाटात, कपाटाची किल्ली शिपायाकडे, आणि शिपाई मिरवणुकीत. तासाभरात किल्ली मिळाली, नंबर कळवला. पण तो तास मी अजून विसरलेलो नाही.

मग घरी कळवायचं. फॉर्मवर वडिलांचा एकच नंबर, आणि त्या गावात रेंज नाही. खानापूरच्या त्या जंगलपट्टीत अशी किती तरी गावं आहेत, एका ठरावीक दगडावर चढल्याशिवाय फोन लागत नाही. जांबोटीत त्याच्या चुलतभावाचं दुकान आहे, एवढं दुसऱ्या एका मुलाकडून कळलं. तो बिचारा पावसातून मोटारसायकल घेऊन गावात गेला आणि आई-वडिलांना रेंजमध्ये घेऊन आला. साडेबारा झाले असतील. मी सगळं सांगितलं : हाड मोडलंय, जिवाला धोका नाही, खर्च विमा बघतो. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "सर, त्याच्याजवळ कोण बसलंय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं गा.

उत्तर मिळालं ते दुसऱ्या दिवशी. तिथल्या विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयातली एक बाई निरोप मिळाल्यावर ट्रामनं दवाखान्यात गेली होती. येताना मुलाच्या होस्टेलवरून त्याचा फोनचा चार्जर आणि चपला घेऊन आली, आणि रात्री अकरापर्यंत त्याच्या खाटेशी बसून राहिली. त्याला तेव्हा जर्मन येत नव्हतं. डॉक्टर काय म्हणतात ते ती इंग्रजीत सांगायची आणि तो काय म्हणतो ते डॉक्टरांना. तिची-माझी कधी भेट नाही. पण चार्जर आणायचं जिला सुचतं, तिला हे काम कळलंय.

बाहेरच्या बऱ्याच विद्यापीठांत एवढ्याचसाठी पगारी माणसं असतात. कुठला विद्यार्थी कुठल्या गावात, कुठल्या तारखेपर्यंत, याची नोंद ती ठेवतात. अमेरिकेचं परराष्ट्र खातं प्रत्येक देशाला १ ते ४ अशी धोक्याची पायरी लावतं, २०१८ पासून ही पद्धत आहे. तिथली पुष्कळ विद्यापीठं वरच्या दोन पायऱ्यांवरच्या देशात विद्यार्थ्याला सहजासहजी जाऊ देत नाहीत, वेगळी परवानगी लागते. कुठं भूकंप झाला, दंगल झाली, की ही माणसं आधी यादी काढतात आणि एकेका मुलाला विचारतात, "तू ठीक आहेस का?" यादी असेल तरच हे विचारता येतं.

यादी नसली की काय होतं, ते आपण २०२२ च्या फेब्रुवारीत बघितलं. २४ तारखेला रशियानं हल्ला केला आणि युक्रेनचं आकाश विमानांना बंद झालं. एजंटमार्फत गेलेली आपल्याकडची मेडिकलची मुलं तळघरांत बसून व्हॉट्सअॅपवर लोकेशन पाठवत होती. सरकारनं 'ऑपरेशन गंगा'त पोलंड, हंगेरी, रोमानिया, स्लोव्हाकियाच्या सीमांवरून हजारोंना परत आणलं, ते काम मोठंच. पण १ मार्चला खारकीवमध्ये, खाण्याचं सामान आणायला बाहेर पडलेला हावेरी जिल्ह्यातला चौथ्या वर्षाचा मुलगा तोफगोळ्यांच्या माऱ्यात गेला. हावेरी आपल्यापासून किती लांब? त्या आठवड्यात घराघरांत टीव्ही बंद झाला नाही. मुलगा नेमक्या कुठल्या इमारतीत आहे हे ठामपणे सांगणारं एकही माणूस त्या आई-बापांना सापडत नव्हतं.

तुझ्या मनात भीती असेल ती युद्धाची, गोळीबाराची. माझी भीती वेगळी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं वर्षाला सुमारे ११ लाख ९० हजार माणसं रस्त्यावर मरतात, आणि ५ ते २९ वयाच्या मुलामाणसांच्या मरणाचं सगळ्यात मोठं कारण रस्त्यावरचा अपघातच आहे. म्हणून जाणाऱ्या मुलांना मी व्हरांड्यात खडूनं रस्ता आखून तो ओलांडायला लावतो. हसतात पहिल्यांदा. पण आपली मान आपोआप आधी उजवीकडे वळते, आणि तिथं गाडी आधी डावीकडून येते. वीस-पंचवीस वेळा केल्याशिवाय ती सवय मोडत नाही. लेकीकडून तुझ्या अंगणात करून घे.

दुसरं, कागद. तिच्या पासपोर्टवर जन्मगाव काय लिहिलंय ते बघ. १ नोव्हेंबर २०१४ ला सरकारी कागदावर 'बेळगाम'चं 'बेळगावी' झालं. आमच्या एका मुलीच्या पासपोर्टवर जुनं नाव आणि दाखल्यावर नवं, एवढ्यावरून विम्याचा फॉर्म परत आला होता. आपल्याला हे रोजचंच आहे, पण परक्या देशातल्या टेबलामागच्या माणसाला ती दोन गावं वाटतात. दोन्ही एकच असल्याचं पत्र इंग्रजीत करून घे. तुझी लेक लहानपणापासून तीन लिप्यांत सह्या करत आलीय, हे त्यांना कुठून कळणार?

औषधं न्यायची तर डॉक्टरची चिठ्ठी हवी, आणि तीवर कंपनीचं नाव न लिहिता औषधाचं मूळ नाव लिहायला सांग. परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर नाव नोंदव. बाकीचं मी बघतो.

एक मात्र तिला समोर बसवून तूच सांग. काही बिघडलं, चुकलं, पैसे संपले, मन लागेना, तर आधी फोन करायचा. रागावणार नाही असा शब्द दे आणि तो पाळ. पहिल्या महिन्यात रात्र-रात्र रडलेली मुलं मला नंतर भेटलीत. "बाबांना काय वाटेल" म्हणून त्यांनी घरी अवाक्षर काढलं नव्हतं. हाड मोडलं तर दिसतं तरी, हे दिसत नाही. त्या वर्षीच्या दसऱ्यापासून मी दर रविवारी प्रत्येक मुलाला स्वतः फोन लावतो. काही काम नसतं. जेवणाचं विचारतो, थंडीचं विचारतो, आणि आवाज ऐकतो.

आता आमच्याकडे दोन मोबाइल आहेत, पाळ्या लावल्यात, आणि पॉलिसीचे नंबर कपाटाबरोबर पाकिटातही असतात. गणपतीत दोघांपैकी एक जण मिरवणुकीला जात नाही. गेल्या वर्षी पाळी माझी होती. गच्चीवरून ढोल ऐकले.

तुझी लेक दुसऱ्या कॉलेजची असली तरी तिचं कार्ड मी करून देतो : जर्मनीतले नंबर, रक्तगट, पॉलिसी, इंग्रजी आणि जर्मनमध्ये. पुढच्या शनिवारी तिला घेऊन ये, जेवायलाच या. वहिनींना सांग, कुंदा मी आणून ठेवतो, त्यांनी काही आणू नये. कार्डावर घरच्या माणसांच्या दोन ओळी आहेत. पहिलीत तुझं नाव घातलंय. शेतावर असलास की तुझाही फोन लागत नाही, मला माहीत आहे. दुसऱ्या ओळीत कुणाचं नाव लिहू, ते येण्याआधी घरात ठरवून ठेव.

तुझाच
जुना बाकावरचा सोबती