त्या 'टिंगटिंग'ला संगीतकार आहे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत दिवाळीच्या सुट्टीतल्या मुलांवरचा लेख वाचला. मुलं मैदानाकडे फिरकत नाहीत, डोळे बिघडतात, ही तक्रार मान्य. माझीही तीच आहे. पण मारिओच्या व्हिडिओ गेमबद्दल लिहिताना लेखिकेने 'मागे अखंड चाललेली ती यांत्रिक टिंगटिंग' असं म्हटलं आहे. हे पत्र त्या एका वाक्यासाठी. सिनेमाच्या गाण्याला चुकीच्या संगीतकाराचं नाव लागलं तर आपल्या याच सदरात आठवडाभर पत्रं येत राहतात. या टिंगटिंगलाही संगीतकार आहे. कोजी कोंडो. जन्म १९६१, जपानमधलं नागोया.

मी मिरजेत पेटी शिकवतो. सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवच्या सुमारास मुलाच्या हट्टापायी घरात टीव्हीला जोडायचा गेम आला. मूळ जपानी यंत्राची ती स्वस्त नक्कल होती, सोबत एक पिवळी कॅसेट आणि तिच्यावर '९९९९ इन १' असा धादांत खोटा मजकूर. बाहेरच्या खोलीत शिकवणी आणि आत मारिओ. "आवाज बंद कर आधी!" हे वाक्य मी त्या दोन वर्षांत किती वेळा ओरडलो असेन याची गणती नाही. तेव्हा लेखिकेला दोष देण्याचा मला फारसा अधिकार नाही.

यंदा जूनमध्ये सातवीतला एक विद्यार्थी मोबाइल घेऊन आला. "सर, हे वाजवून दाखवा ना." तीच चाल. मला वाटलं, दोन मिनिटांचं काम. स्वर तर अगदी सोपे: ग ग ग सा ग प, आणि मग खालचा प. वाजवले, तर मुलगा म्हणतो, "सर, तसं नाहीये ते." बरोबर होतं त्याचं. शेवटी कागदावर मात्रा मांडल्या तेव्हा उलगडलं. चार मात्रांचे आठ अर्धे भाग केले तर ती ओळ अशी बसते: ग ग – ग – सा ग –. म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या मात्रेवर चक्क शांतता, आणि स्वर येतात ते त्यांच्या फटीत. शिवाय वर 'ग' वाजत असताना खाली तीव्र मध्यम आणि रिषभ धरलेले आहेत, त्यामुळे सुरुवातीलाच कान टवकारतो. पुढे मुख्य चालीत शुद्ध निषादावरून लगेच कोमल निषाद आणि मग धैवत. आपल्याकडे दोन निषाद असे पाठोपाठ घ्यायला गवई दहा वेळा विचार करील. इथे ते उडी मारल्यासारखे येतात, आणि पडद्यावरचं पात्रही उड्याच मारत असतं.

कोंडो लहानपणी, वयाच्या पाचव्या वर्षापासून, इलेक्टोन शिकले. इलेक्टोन म्हणजे यामाहाचा घरगुती विजेवरचा ऑर्गन. आमच्या पेटीचा श्रीमंत चुलतभाऊ म्हणा. पुढे ओसाकाच्या कला विद्यापीठात शिकले आणि १९८४ मध्ये निन्तेन्दो या व्हिडिओ गेम बनवणाऱ्या जपानी कंपनीत नोकरीला लागले. १९८५ मध्ये सुपर मारिओ ब्रदर्स आला. ज्या यंत्रासाठी चाली बांधायच्या होत्या त्यात स्वर धरू शकणारे आवाज होते तीन: दोन चौकोनी लहरींचे, एक त्रिकोणी लहरीचा, तो बहुधा खर्जाला. चौथा नुसता खरखरीचा, तोच ताल धरायचा. (आधीच मुद्रित केलेल्या आवाजांचे छोटे नमुने वाजवणारी एक वाटही होती, ती इथे सोडून देतो.) अख्खा खेळ चाळीस किलोबाइटचा, चित्रं, नियम, संगीत सगळं त्यातच. आपल्या फोनवर रोज सकाळी येणारं 'शुभ सकाळ'चं फुलांचं चित्र बऱ्याचदा त्याहून जड असतं.

आणि ते तीन आवाजही पूर्ण हाताशी नसत. मारिओने नाणं घेतलं की 'टिंग' वाजतं ना, ते वाजवायला यातलाच एक आवाज संगीत सोडून जातो आणि क्षणात परत येतो. तीन माणसांचं भजनी मंडळ समजा, आणि दारात कुणी आलं की त्यातल्याच एकाने उठून दार उघडायचं. तरी अभंग तुटता कामा नये. अशी चाल बांधणं हे माझ्या मते मोठ्या वाद्यवृंदासाठी लिहिण्यापेक्षा अवघड आहे.

जमिनीवरच्या चालीचा पहिला आराखडा निवांत होता, तो मारिओच्या धावण्याला बसेना, म्हणून कोंडोंनी टाकून दिला. पाण्याखाली गेलं की तीन-तीनच्या लयीतली, दादऱ्यासारखी झुलणारी चाल लागते. भुयारात सा आणि वरचा सा, ध आणि वरचा ध, कोमल नि आणि वरचा नि, अशा नुसत्या सप्तकाच्या उड्या आणि मग लांब शांतता. खेळातली उलटी मोजली जाणारी वेळ शंभरावर आली की लय चढते, आणि खेळणाऱ्याचा हात चुकायला लागतो. माझा मुलगा तिथेच मरायचा आणि वैतागून खेळ पहिल्यापासून सुरू करायचा, म्हणून तर मला ती चाल इतकी पाठ!

१९८६ च्या 'झेल्डा' या निन्तेन्दोच्याच दुसऱ्या खेळाचा किस्सा सांगण्याजोगा आहे. शीर्षक-संगीत म्हणून राव्हेल या फ्रेंच संगीतकाराचं 'बोलेरो' घ्यायचं ठरलं होतं. ऐन वेळी लक्षात आलं की त्याचा हक्क अजून खुला झालेला नाही. कोंडोंनी एका रात्रीत स्वतःची चाल बांधली, आणि ती आजतागायत त्या मालिकेची ओळख आहे.

पण शिक्षक म्हणून मला भावला तो १९९८ चा झेल्डा. त्यात नायकाच्या हाती ओकारिना हे मातीचं फुंकवाद्य असतं आणि ते खेळणाऱ्यानेच बटणं दाबून वाजवायचं. स्वर फक्त पाच: रे, म, ध, नि आणि वरचा रे. त्यांतल्या काही चाली तर तीनच स्वरांच्या आहेत, आणि मुलांना त्या वर्षानुवर्षं आठवतात. मी प्रवेशिकेच्या मुलांना पाच स्वरांत काही बांधायला सांगतो तेव्हा काय निघतं ते मला ठाऊक आहे. त्याच खेळात मोकळ्या माळरानाचं संगीत आठ-आठ आवर्तनांच्या तुकड्यांत बांधलेलं आहे. तुकडे कोणत्याही क्रमाने लागतात, नायक थांबला की शांत तुकडा येतो, शत्रू जवळ आला की धास्तीचा. म्हणजे प्रत्येक तुकडा असा संपवायचा की पुढे कुठलाही यावा आणि सांधा दिसू नये.

१९९० च्या सुपर मारिओ वर्ल्डमध्ये मारिओ योशी या डायनासोरवर बसला की चाल तीच राहते, फक्त तिच्यात बोंगो मिसळतात; उतरला की थांबतात. एवढीशी गोष्ट, पण ठेका कुणी धरला आहे हे मुलाला न सांगता कळतं. पुढच्या वर्षांत त्यांनी बरंचसं काम तरुणांकडे सोपवलं. २००७ च्या सुपर मारिओ गॅलक्सीतलं बहुतेक वाद्यवृंद-संगीत माहितो योकोता यांचं आहे.

मूळ मारिओच्या खेळात श्रेयनामावलीच नव्हती. आमच्या पिवळ्या कॅसेटवर तर बनवणाऱ्याचंही नाव नव्हतं, मग संगीतकाराचं कुठून असणार? २०२३ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय नोंदवहीत ही चाल घेतली. व्हिडिओ गेमचं संगीत त्या यादीत गेलं ते पहिल्यांदाच. तिथे मात्र कोजी कोंडो हे नाव लिहिलं आहे. आपल्या पुरवणीतही एका ओळीची दुरुस्ती यावी, एवढीच विनंती. 'टिंगटिंग' हा शब्द ठेवायला माझी हरकत नाही.

ता. क. तो सातवीतला मुलगा डिसेंबरच्या गॅदरिंगमध्ये ही चाल पेटीवर वाजवणार आहे. त्याचं बसलं आहे. साथीचा तबल्यावरचा पोरगा मात्र अजून दुसऱ्या मात्रेवर थाप मारतो आणि मग दोघं एकमेकांकडे बघतात.

आपला,
एक पेटीशिक्षक, मिरज