चार नळ्या रक्तासाठी मुंबई

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

सहा वर्षांपूर्वी मला सिलिअ‍ॅकचं, म्हणजे ग्लुटेन खाल्लं की आतड्याला इजा होणाऱ्या आजाराचं, निदान झालं. त्याआधी कित्येक वर्षं हिमोग्लोबिन कमी म्हणून लोहाच्या गोळ्या गिळत होते. या आजारावर औषध नाही. गहू, जव आणि राय (गव्हासारखंच एक धान्य) यांतलं ग्लुटेन नावाचं प्रथिन जन्मभर टाळायचं, एवढंच. ‘सोलापूरकराला त्यात काय अवघड, भाकरी तर आपलीच’ असं सगळे म्हणतात. पण गिरणीत माझ्या आधी कुणी गहू दळला असला, तर ज्वारीच्या पिठात तो येतोच आणि पुढचे तीन दिवस पोट सुखानं बसू देत नाही. आता गिरणीवाले मामाच जातं झाडून सकाळचं पहिलं दळण माझं घेतात.

म्हणून मुंबईत नव्या गोळीच्या चाचणीला नाव दिलं. गंमत अशी, की तिथे रोज मोजून ग्लुटेन खावं लागतं. त्याशिवाय गोळीचा गुण कळणार कसा? सहा वर्षांनी बिस्कीट तोंडाशी नेताना हात थरथरला. आपल्याला मिळते ती गोळी औषधाची की नुसतीच दाखवायची, हे डॉक्टरांनाही ठाऊक नसतं. हे सगळं मराठीत नीट समजावलं, कधीही बाहेर पडायची मुभाही दिली. त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार आहे ती प्रवासाची. एंडोस्कोपीला, म्हणजे तोंडातून नळी घालून आतडं तपासायला, उपाशीपोटी जायचं, म्हणून रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये चढण्याआधीच शेवटचा घास. गुंगी उतरेपर्यंत सोबत माणूस हवा असा नियम, पण तिकिटाचे पैसे एकाचेच. यजमान यंत्रमागावर, खाडा पडला की पगार कापला. एरवी नुसत्या चार नळ्या रक्त द्यायलाही जाऊन-येऊन नऊशे किलोमीटर!

माझ्याबरोबरच्या एक विडी कामगार बाई दुसऱ्या फेरीनंतर आल्याच नाहीत. गोळी सोसत होती, खाडे सोसेनात.

मधल्या तपासण्यांचं रक्त सोलापुरातच सरकारी रुग्णालयात घेऊन बर्फाच्या पेटीतून मुंबईला का पाठवू नये? चाचणीला मंजुरी देताना नैतिकता समितीने कंपनीला एवढं तरी विचारावं. सोबतच्या माणसाचं तिकीट आणि बुडालेला रोज यांचाही हिशेब त्याच वेळी लावून घ्यावा.

आपली,
एक वाचक, सोलापूर