काकांच्या गाडीचं हेड टाकू नकोस

फोंडा

प्रिय मित्रा,

काल फोनवर बोलणं अर्धवट राहिलं. रेंज गेली ती परत आलीच नाही, म्हणून आता सविस्तर लिहितो. गॅरेजवाल्याने ‘प्लगचे आटे गेले, हेडच बदला’ असं सांगितलं, तरी एवढ्यात हो म्हणू नकोस. काकांनी म्हापशाच्या स्टँडवर पायलट (मोटरसायकल टॅक्सीवाले) म्हणून ज्या गाडीवर तुमचं घर चालवलं, तिचं मूळ हेड, म्हणजे इंजिनच्या सिलिंडरवरचं झाकण, भंगारात जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. त्या हेडचे व्हॉल्व आणि सीटा चांगल्या आहेत, बिघडलंय ते फक्त स्पार्क प्लग बसतो ते भोक. तेवढं नक्की दुरुस्त होतं.

मुळात हे होतं कसं, तर हेड ॲल्युमिनियमचं, मऊ. प्लग पोलादाचा, कडक. प्लग हाताने न लावता सुरुवातीपासूनच पान्याने फिरवला आणि तो तिरका शिरला, की पोलाद ॲल्युमिनियम कापत जातं. इंजिन गरम असताना प्लग काढला तरी आटे ओढले जातात. शिवाय आपल्याकडची खारी, दमट हवा. पावसाळाभर प्लगच्या बुडाशी पाणी साचतं, गंज धरतो, आणि मग काढणारा जोर लावतो. तू म्हणालास, किक मारताना फस्स फस्स आवाज येतो आणि प्लगभोवती काळं तेलकट जमतं. म्हणजे कॉम्प्रेशन, सिलिंडरमधला दाब, तिथून निसटतंय. असं असताना गाडी चालवू नकोस. प्लग आपली उष्णता आट्यांतून आणि वॉशरमधूनच हेडला देतो. तो सैल असला की तापतो, आणि ठिणगी पडायच्या आधीच पेट्रोल पेटायला लागतं. पिस्टनला ते फार वाईट.

आता काम. हेड उतरवूनच करायचं, यावर मी ठाम आहे. टॅपच्या (आटे कापायच्या हत्याराच्या) खाचांत ग्रीस भरून इंजिनवरच आटे पाडणारे आहेत. ग्रीसमध्ये बराचसा कीस अडकतो, पण सगळा नाही. राहिलेला एक कण व्हॉल्वच्या सीटवर बसला किंवा पिस्टन आणि सिलिंडरच्या मध्ये गेला, तर वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट खर्च निघतो. तुझी गाडी एका सिलिंडरची, हेड उतरवणं अवघड नाही. फक्त टायमिंगच्या (व्हॉल्व आणि पिस्टनची वेळ जुळवायच्या) खुणा नीट जुळवून ठेव आणि बसवताना गॅस्केट नवीन घाल.

हेड हातात आलं की उलटं धर आणि भोकात आतल्या बाजूने बॅटरी मारून बघ. बऱ्याचदा बाहेरचे दोन-तीन आटेच चिरडलेले असतात, आतले शाबूत असतात. तसं असेल तर दहा मिलिमीटरचा, एक मिलिमीटर पिचचा (दोन आट्यांमधल्या अंतराचा) टॅप ज्वलनाच्या पोकळीकडून घालून बाहेरच्या दिशेने काढायचा. आतले चांगले आटे टॅपला सरळ धरतात आणि तो बाहेरचे आटे आपोआप रेषेत आणतो. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, थोडं रॉकेल सोडत. हात जड लागला की थांबायचं.

सगळेच आटे गेले असतील तर दोन वाटा. एक हेलिकॉइल: भोक किंचित मोठं करून, त्यात नवे आटे पाडून स्टेनलेस तारेचं वेटोळं बसवतात. दुसरी भरीव बुश, म्हणजे आतून आटे असलेली धातूची नळी, जी आपले लेथवाले मारतात. जो प्लग वारंवार काढायचा, त्याला माझी पसंती बुशला. तारेचं वेटोळं कधीकधी प्लगबरोबरच बाहेर येतं. पण दहा मिलिमीटरच्या प्लगच्या छोट्या हेडमध्ये भोक आणि व्हॉल्वची सीट यांच्यात धातू थोडाच असतो. बुशसाठी जास्त कोरलं तर तिथे चीर जाते. तेव्हा आधी ती भिंत मोजायची आणि पातळ असेल तर हेलिकॉइलच बरी. बुश मारलीच, तर ती आतल्या बाजूला पोकळीत डोकावता कामा नये. निघालेली कडा निखाऱ्यासारखी लाल होते. आणि प्लगचा वॉशर जिथे टेकतो ती जागा भोकाशी काटकोनात हवी, म्हणून हे काम हातातल्या ड्रिलने नको.

प्लगचा नंबरही बघून घे. एनजीके या कंपनीच्या प्लगच्या नंबरात ‘सी’ म्हणजे दहा मिलिमीटर व्यासाचे आटे, ‘एच’ म्हणजे त्यांची लांबी 12.7 मिलिमीटर आणि ‘ई’ म्हणजे 19. लांबीत चूक झाली तर लांब प्लग पिस्टनला लागू शकतो. आखूड असेल तर उरलेल्या आट्यांत कार्बन बसतो आणि पुढे बरोबरचा प्लग घालताना तेच आटे पुन्हा जातात.

काम झाल्यावर हेड उलटं ठेवून, प्लग लावून पोकळीत रॉकेल ओतायचं आणि थोडा वेळ बघायचं. प्लगपाशी ओल दिसली नाही, तर काम जमलं.

पुढे प्लग काढताना इंजिन पूर्ण थंड हवं. आधी हवा मारून भोवतीची तांबडी धूळ उडव. लावताना पेट्रोलच्या नळीचा वीतभर तुकडा प्लगच्या डोक्यावर चढवून त्यानेच फिरव. प्लग तिरका शिरला तर नळी घसरते, आटे वाचतात. वॉशर टेकेपर्यंत पाना हातात घ्यायचाच नाही. मग नवीन प्लगला साधारण अर्धा फेरा, जुन्याला फेऱ्याचा बारावा भाग. टॉर्क पाना (किती जोर लागला ते दाखवणारा) मिळाला तर 10 ते 12 न्यूटन मीटर. आट्यांना ग्रीस-तेल लावू नकोस, त्याने पाना हलका लागतो आणि आपण नकळत जास्त आवळतो.

येत्या रविवारी हेड घेऊन इकडेच ये. इथला एक लेथवाला माझ्या चांगल्या ओळखीचा आहे, त्याच्यासमोर बसून करून घेऊ. जुना प्लग आणि वॉशर टाकू नकोस, सोबत आण. काकांना सांग, हेड तेच राहील. काकींना नमस्कार.

तुझाच,
फोंड्याचा दोस्त