परीक्षा न घेता दिलेली दोन प्रमाणपत्रं परत पाठवत आहे

प्रति,
व्यवस्थापक, प्रशिक्षण विभाग

विषय: आयएसओ ९००१ अंतर्गत ऑडिटरच्या दोन दिवसांच्या कोर्सबद्दल तक्रार

महोदय,

गेल्या महिन्यात दादरच्या हॉलमध्ये शनिवार-रविवार तुमचा अंतर्गत ऑडिटरचा, म्हणजे आयएसओ ९००१ या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या मानकाप्रमाणे आपल्याच कारखान्याची तपासणी करणाऱ्याचा, कोर्स झाला. साकीनाक्याच्या आमच्या वर्कशॉपमधून आम्ही दोघं आलो होतो, मी आणि लेथवरचे आमचे काका. फी माणशी ६,५०० रुपये, १८ टक्के जीएसटी धरून ७,६७०. ती आम्ही मालकांकडून घेतली नाही, स्वतःच्या खिशातून भरली. काकांचा शनिवारचा खाडा झाला तो वेगळाच.

दोघं का आलो ते आधी सांगते. आमच्या गाळ्यात चौदा माणसं. येणाऱ्या मालापासून शेवटच्या तपासणीपर्यंत क्वालिटीचं सगळं माझ्याकडे. ऑडिट करणारा निःपक्षपाती असावा असं मानकाच्या कलम ९.२ मध्ये म्हटलंय, म्हणजे माझ्या तपासणीचं ऑडिट मीच करून चालणार नाही. म्हणून असं ठरलं की मशीनशॉपचं ऑडिट मी करायचं आणि माझ्या कामाचं काकांनी. तीस वर्षं लेथवर उभं राहिलेला माणूस आहे, जॉबवरून, म्हणजे मशीनवर घडवलेल्या भागावरून, बोट फिरवलं की टूल झिजलंय हे सांगतात. पण शिक्षण मराठी शाळेत नववीपर्यंत. त्यामुळे पैसे भरण्याआधी मी तुमच्या ऑफिसला दोनदा फोन करून विचारलं, मराठीत समजावतात ना? दोन्ही वेळा उत्तर मिळालं, हो, मराठी-हिंदीत शिकवतात आणि दुसऱ्या दिवशी प्रत्यक्ष ऑडिटचा सराव करून घेतात. माहितीपत्रकातही हेच छापलंय, शिवाय एका बॅचला जास्तीत जास्त २० जण.

हॉलमध्ये आम्ही ४३ जण होतो. प्रशिक्षकांनी दोन्ही दिवस पडद्यावरचं इंग्रजी वाचून दाखवलं. काकांनी पहिल्या दिवशी दुपारी हात वर करून विचारलं, "साहेब, हे मराठीत सांगाल का?" त्यावर "नंतर बघू" एवढंच उत्तर मिळालं. त्यानंतर काकांनी काही विचारलं नाही. मला या सगळ्यात सर्वात जास्त लागलं ते हे.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. तुमच्या स्लाइड मानकाच्या २००८ च्या जुन्या आवृत्तीच्या होत्या. त्यांत मॅनेजमेंट रिप्रेझेंटेटिव्ह (व्यवस्थापनाचा जबाबदार प्रतिनिधी) नेमणं सक्तीचं होतं, चूक होण्याआधीच ती टाळण्याचं म्हणजे प्रिव्हेंटिव्ह अ‍ॅक्शनचं वेगळं कलम होतं, गुणवत्तेची आठ तत्त्वं होती आणि कॅलिब्रेशन, म्हणजे मोजमापाची साधनं अचूक आहेत का याची तपासणी, कलम ७.६ मध्ये होतं. नवी आवृत्ती सप्टेंबर २०१५ मध्ये आली. तिच्यात तत्त्वं सात आहेत, पाळायच्या अटी कलम ४ ते १० मध्ये आहेत, प्रिव्हेंटिव्ह अ‍ॅक्शनच्या जागी ६.१ मधला जोखमीचा विचार आला आणि मोजमापाची साधनं ७.१.५ मध्ये गेली. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, म्हणून तर मी शिकायला आले होते. तुमच्या स्लाइडवरून मी घरी बसून चेकलिस्ट बनवली. मागच्या आठवड्यात ग्राहक कंपनीचे ऑडिटर गाळ्यात आले, त्यांनी पहिलं पान पाहून विचारलं, "ही कुठल्या मानकाची?" शेजारी मालक उभे होते. मी काय उत्तर देणार?

आणि सराव? रविवारी जेवणानंतर सराव होईल असं सांगितलं, प्रत्यक्षात फोटो काढले आणि प्रमाणपत्रं वाटली. ऑडिट वाचून येत नाही, करून येतं. एक जॉब कार्ड, म्हणजे एका कामाची माहिती असलेलं कार्ड, द्यायचं होतं. त्यावरून माग काढत जायचं: मशीनपाशी लावलेलं ड्रॉइंग ताज्या रिव्हिजनचं आहे का, ज्या मायक्रोमीटरने मोजलं त्याच्या कॅलिब्रेशनची तारीख उलटली आहे का, त्या ऑपरेटरला या कामाचं शिक्षण दिल्याची नोंद आहे का, नापास झालेले नग बाजूला, खूण करून ठेवलेत की चांगल्या मालाच्या क्रेटमध्येच पडलेत. "तुम्ही गेज (माप तपासायचं साधन) तपासता का?" असं विचारलं तर कुणीही हो म्हणतो. "काल वापरलेलं गेज दाखवा" म्हटलं की खरं कळतं. मग सापडलेली त्रुटी कशी लिहायची: कुठे, काय दिसलं, कुठली अट मोडली. हे एकदा जरी हातून करून घेतलं असतं, तरी भाषेची अडचण निम्मी सुटली असती. जॉब कार्ड काकांना कुणी वाचून दाखवावं लागत नाही.

दोन्ही प्रमाणपत्रांवर "परीक्षा उत्तीर्ण" असं लिहिलंय. परीक्षा झालीच नाही. हा कागद फाइलला लावून उद्या कुणा ऑडिटरसमोर ठेवायचा म्हणजे मी खोटी नोंद दाखवायची. ते माझ्याच्याने होणार नाही, काकांच्यानेही नाही. म्हणून दोन्ही मूळ प्रती या पत्रासोबत परत पाठवत आहे. फीच्या पावत्यांच्या झेरॉक्सही जोडल्या आहेत.

मानकाचं कलम १०.२ ग्राहकाच्या तक्रारीलाही लागू आहे: चूक दुरुस्त करा, कारण शोधा, अशीच चूक आणखी कुठे झाली आहे का ते पाहा. त्याच स्लाइडवर शिकलेले आणखी ४१ जण आपापल्या कारखान्यांत गेले आहेत. त्यांनाही कळवा, ही माझी विनंती आहे.

आम्हा दोघांना २०१५ च्या आवृत्तीवर, मराठीतून, प्रत्यक्ष सरावाचा एक पूर्ण दिवस द्या, परीक्षा घ्या आणि पास झालो तरच प्रमाणपत्र द्या. जमणार नसेल तर १५ दिवसांत १५,३४० रुपये परत करा. दोन्ही झालं नाही तर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन. पण मला पैशांपेक्षा तो दिवस हवा आहे. सरावासाठी कारखाना नसेल तर आमच्या गाळ्यात या, मालकांची परवानगी मी घेतली आहे.

दिवस रविवारचा ठेवावा. शनिवारी काकांची शिफ्ट असते.

आपली,
एक प्रशिक्षणार्थी
साकीनाका, मुंबई